सीसागर पाहिजे

आमच्या गावात उर्दू वाचता येणारी माणसं पुष्कळ होती, पण चुकीचं उर्दू वाचून ज्याच्या अंगात कणकण भरायची असा माणूस एकच. गावाचं नाव मी सांगत नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं, जालन्याच्या बाजूला कललेलं, नगरपालिका असलेलं गाव, एवढं पुरे. नाव सांगितलं तर कुणाचा तरी नातू भांडायला येईल आणि या वयात मला ते झेपायचं नाही.

त्या माणसाचंही नाव सांगत नाही. सगळे त्यांना मुन्शीसाब म्हणत. उर्दू शाळेचे हेडमास्तर म्हणून ते रिटायर झाले होते. पण रिटायर होणं म्हणजे शाळेच्या भिंती काढून अख्ख्या गावाचा एकच वर्ग करणं, अशी त्यांची समजूत होती. शेरवानीच्या खिशात कायम पांढरा खडू असायचा. बाजारातून चालताना एखाद्या पाटीवर एखादा नुक्ता, म्हणजे अक्षरावरचं टिंब, कमी दिसला की ते थांबत, टाचा उंचावत आणि टिंब देऊन पुढे जात. दुकानदाराला विचारायची पद्धत नव्हती. वर्गात मास्तर पोराला विचारून चूक सुधारतो का?

एकदा ते न्हाव्याच्या खुर्चीवर बसले होते. अर्धी दाढी झाली होती, अर्धी साबणात होती. समोरच्या आरशात रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानाची पाटी उलटी दिसत होती. त्या उलट्या पाटीतली चूक यांना दिसली. गळ्यात फडकं तसंच ठेवून त्यांनी रस्ता ओलांडला आणि दुकानदाराकडे स्टूल मागितलं. दुकानदार मारवाडी, त्याला उर्दूचं अक्षर येत नव्हतं, पाटी त्याने गिऱ्हाइकांसाठी लिहून घेतली होती.

"काय फरक पडते मुन्शीसाब?" तो म्हणाला.

"तुले नाही पडत. वाचणाऱ्याले पडते," असं म्हणून ते स्टुलावर चढले. तोवर गालावरचा साबण वाळून त्याची पापडी झाली होती. न्हावी वस्तरा घेऊन दारात उभाच.

भजी ज्या कागदात मिळायची तो कागद उर्दू असला, तर आधी कागद वाचून व्हायचा, मग भजी. तोपर्यंत भजी गार झालेली असत. घरी कुणी भेटायला गेलं की चहाच्या आधी पाटी-पेन्सिल पुढे यायची. पाहुण्याने स्वतःचं नाव लिहून दाखवायचं. नाव शुद्ध लिहिलं तर चहा साखरेचा, नाहीतर गुळाचा. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांच्या घरी गुळाचाच चहा मिळाला आहे, आणि त्यात मीही आलो.

धंद्यातल्या इंग्रजी शब्दांविषयी त्यांचं मत पक्कं होतं. ते म्हणत, "शब्द मशीनसंगं आला असन, तं त्याले घरात घ्या. मशीन नसताना आला, तं आधी इचारा, बाबा, काऊन आला?" या हिशोबाने फिटर त्यांना चालायचा, कारण तो जिनिंगच्या यंत्राबरोबर आला. ड्रायव्हर मोटारीबरोबर आला, म्हणून तोही घरचा. टेलर मात्र चालायचा नाही. सुई-दोरा इथे होता, दर्जी इथे होता, मग हा टेलर कशाला? ज्याच्या पाटीवर 'दर्जी' लिहिलं असेल त्याच्याकडेच ते कपडे शिवत. असा दर्जी गावात एकच उरला होता आणि त्याला धड शिवता येत नव्हतं. त्यामुळे मुन्शीसाबांच्या प्रत्येक शेरवानीची डावी बाही चार बोटं तोकडी असायची. ती ते मोठ्या ताठ्याने मिरवत. त्यांना कुणी वेडं म्हटलं तर मला तेव्हाही राग यायचा. स्वतःच्या मतापायी आयुष्यभर आखूड बाही घालणारी माणसं मी त्यानंतर फार पाहिली नाहीत.

मी मूळचा साखरखेर्ड्याचा. घरी मळा, मळ्यात वांगी, मिरच्या, कोथिंबीर. मॅट्रिक झालो आणि नगरपालिकेत कारकून म्हणून चिकटलो, वर्षभर कच्चा. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. गावात उर्दू वाचणारी वस्ती मोठी, म्हणून नोटिसा मराठीत आणि उर्दूत अशा दोन्ही निघायच्या. उर्दू मजकूर मुन्शीसाब लिहून देत आणि जुना कारकून तो सायक्लोस्टाइलच्या मेणकागदावर टोकदार लेखणीने उतरवायचा. तो कारकून निवृत्त झाला आणि मुख्याधिकारी साहेबांनी मला बोलावलं. साहेब पुण्याकडचे. आमचं बोलणं ऐकलं की त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात थोडंसं हसू यायचं. ते म्हणाले, "तुम्ही तरुण आहात, उर्दू शिकून घ्या. मजकूर मौलवीसाहेब देतील, तुम्ही फक्त नक्कल करायची. मात्र नक्कल चुकली तर वर्षानंतर आपली भेट होणार नाही."

रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की मी मुन्शीसाबांच्या ओसरीवर जाऊ लागलो. शिकवताना ते अक्षरांविषयी सोयऱ्याधायऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलत. "हा सीन. याले तीन दात हायेत. डोक्यावर काही नाही, गरीब हाय. याच तीन दातांवर तीन नुक्ते ठेवले का हा शीन झाला. भाऊच हाय सीनचा, पण पैशावाला." स आणि श यांत फरक तेवढा तीन टिंबांचाच. चार महिन्यांत मी वाचायला लागलो. एक दिवस साखरेचा चहा आला, तेव्हा मला मॅट्रिक पास झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

त्याच वर्षी गावात नळयोजना आली. बिडाचे मोठमोठे पाइप मोटारीतून येऊन शाळेच्या मैदानात पडले. शेळ्या त्यांच्या सावलीत बसू लागल्या. ओव्हरसियर साहेबांनी इंग्रजीत लिहून दिलं की योजनेवर कायमचा एक प्लंबर लागेल. मुख्याधिकाऱ्यांनी नोटीस काढायला सांगितली. मराठी नोटिशीत आम्ही 'प्लंबर पाहिजे' असंच लिहिलं, कारण दुसरा शब्द आम्हाला माहीत नव्हता. तो वाचून दोन माणसं आली. एकाने विचारलं, "प्लंबर म्हंजे घराले नंबर लावते तो का?"

उर्दू मजकुरासाठी मी मुन्शीसाबांकडे गेलो. शब्द ऐकून त्यांनी डोळे मिटले. मग मला पाटीवर लिहायला लावलं: पे, लाम, मीम, बे, रे.

"वाच."

"प्लंबर."

"तुले माहीत हाय म्हणून वाचलं. ज्याले माहीत नाही तो पलंबर वाचन, पिलंबर वाचन, पुलंबर वाचन. पलंग विणणारा समजून येईन कोणी." मग ते एकदम तापले. "आन त्यातला बे काऊन ठेवला? इंग्रज सोता तो बे बोलत नाही. पलमर म्हणते तो. जो हर्फ साहेबालेच नको होता तो आपण काऊन पोसायचा?"

मी म्हटलं, "पण मुन्शीसाब, हा शब्द मशीनसंगं आला. पाइपासंगं."

त्यांचाच नियम त्यांच्यावर उलटला होता आणि त्यांना तो मुद्दा आवडलेला दिसला. मग उठून त्यांनी जाडजूड इंग्रजी-उर्दू कोश काढला. त्याची पहिली काही पानं उंदरांनी खाल्ली होती, पण पी शाबूत होता. त्यांनी मला समजावून सांगितलं. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं शिसं आहे. पूर्वी नळ शिशाचे असत, म्हणून शिशाचं काम करणारा तो प्लंबर. उर्दूत शिशाला म्हणतात सीसा. मग शिशाचं काम करणारा कोण? सीसागर. "आन पाय," ते म्हणाले, "तुमचा ओव्हरसियर पाइपाच्या सांध्यात काय ओतून राह्यला? शिसंच. मंग माणूस सीसागरच झाला का नाही?"

मी खूष झालो होतो. पुण्याच्या साहेबाला, मला, ओव्हरसियरला, कुणालाही जो शब्द सापडला नव्हता तो या माणसाने उंदरांनी कुरतडलेल्या पुस्तकातून ओसरीवर बसून काढून दिला होता. त्यांनी वळणदार अक्षरात मजकूर लिहिला: पाणीपुरवठा योजनेसाठी एक हुनरमंद सीसागर पाहिजे, जागा कायम. कागद मी ऑफिसात आणला.

आता माझा पराक्रम सांगतो. दुसऱ्या दिवशी मेणकागदावर नक्कल करताना त्या शब्दापाशी माझा हात थांबला. सीसागर. पहिलंच अक्षर सीन, डोक्यावर काही नाही. मी मनात म्हटलं, शिसं तर श-ने लिहितात. शि-सं. आमच्या मळ्यात विहिरीच्या पंपाच्या सांध्यात शिसं ओतलेलं मी लहानपणापासून पाहिलं होतं, आणि ते शिसंच होतं. मुन्शीसाब घाईत तीन नुक्ते द्यायला विसरले. मी त्यांच्यावर उपकार केला. पहिल्या सीनवर तीन टिंबं मोठ्या झोकात टोचली आणि सीनचा शीन केला. मनात असंही आलं की संध्याकाळी हे त्यांना सांगावं. पण हेडमास्तरची चूक काढली असं त्यांना वाटेल, म्हणून शहाणपणा केला आणि सांगितलं नाही.

मराठीत जे शिसं आहे ते उर्दूत सीसा आहे. आणि उर्दूत जो शीशा आहे तो म्हणजे काच. आमच्या बाजारात तर काचेला सरळ 'शीसा'च म्हणत. हे मला चांगलं माहीत होतं, पण नक्कल करताना ते डोक्यात आलं नाही. नोटीस छापून आजूबाजूच्या गावांच्या मोटार स्टँडवर लागली आणि ज्याने ज्याने उर्दूत वाचली त्याला एकच अर्थ लागला: नगरपालिकेला काचकाम करणारा पाहिजे.

आठ-दहा दिवसांनी देऊळगाव राजाच्या मोटारीतून गफूरभाई उतरले. बरोबर बायको, दोन पोरी, एक पत्र्याची पेटी आणि गवतात गुंडाळलेला काचांचा खोका. खोका त्यांनी प्रवासभर मांडीवर धरला होता. देऊळगावला बालाजीच्या देवळाजवळ ते तसबिरी मढवायचे. त्या भागातल्या किती घरांतल्या बालाजीवर गफूरभाईंच्या हातची काच असेल कोण जाणे. ते ऑफिसात आले, नोटिशीचा कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "मी शीशागर. देऊळगावची बैठक सोडून आलो. नमुना दाखवू का?" आणि खिशातून हिरकणीचा काच कापायचा कातरा काढला.

मला त्या क्षणी सगळं कळलं. गफूरभाई बोलतच होते. त्यांची देवळाजवळची जागा दुसऱ्याने लगेच घेतली होती. घर रिकामं करून दिलं होतं. टाकीच्या इमारतीला खिडक्या असतील, पाण्याच्या मीटरलाही काच असते म्हणतात, असं ते मोठ्या उत्साहाने मला समजावत होते. मोठी पोरगी दाराशी उभी राहून आमचा भिंतीवरचा नकाशा बघत होती.

प्रकरण साहेबांपर्यंत गेलं. साहेबांनी आधी ओव्हरसियरला विचारलं, मग मला नोटिशीची फाइल आणायला सांगितली आणि शिपायाला मुन्शीसाबांकडे पिटाळलं. फाइलमध्ये मुन्शीसाबांच्या हातचा मूळ कागद होता. तो काढून टाकावा असं एकदा मनात आलं होतं, हे कबूल करतो. धैर्य झालं नाही म्हणून काढला नाही, याचं श्रेय मला नको.

मुन्शीसाब आले. आखूड बाही, ताठ मान. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि ओठांच्या कोपऱ्यातलं ते हसू आणून विचारलं, "काय मौलवीसाहेब, तुमच्या भाषेत काच आणि शिसं एकच का हो?"

"मी मौलवी नाही, मुन्शी हाय," ते म्हणाले आणि छापील नोटीस हातात घेतली. तिच्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. मग फाइल उघडून स्वतःचा कागद पाहिला. त्या कागदावर सीन होता, डोक्यावर काही नसलेला, स्वच्छ. त्या खोलीत तो वाचू शकणारी माणसं तीनच. ते, मी, आणि दाराशी उभे असलेले गफूरभाई, ज्यांना तिथून तो कागद दिसत नव्हता. मुन्शीसाबांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. या माणसाने आयुष्यात एक नुक्ता इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. निर्दोष असल्याचा पुरावा त्याच्या मांडीवर होता आणि बोलायला एक वाक्य पुरे होतं.

"काय लिहिलंय त्यात?" साहेबांनी विचारलं.

"जे छापलं तेच," मुन्शीसाब म्हणाले. कागदाची घडी करून त्यांनी तो खिशात टाकला. "भाषेत दोन हायेत साहेब. माझ्या हातून एक झाले. नुक्ते माझे."

साहेब मोठ्यांदा हसले. ओव्हरसियरही हसला. मुन्शीसाबांची चूक ही गावात ग्रहणाइतकी नवलाची गोष्ट होती, आणि ती पहिल्यांदा पाहण्याचा मान आपल्याला मिळाला याचा साहेबांना आनंद झाला होता. त्यांचं हसणं संपायच्या आत मुन्शीसाब पुढे म्हणाले, "आता या माणसाचं पाहा. नगरपालिकेनं शीशागर मागितला, शीशागर आला. कागदावर शिक्का तुमचा हाय. हा आपली जागा सोडून आला. याले एक महिना कामावर घ्या. ज्या हातानं काच कापता येते त्या हातानं शिसं ओतता येईन. नाही आलं तं माझ्या पेन्शनीतून याले देऊळगावले नेऊन बसवतो."

"बघू," साहेब डोळे पुसत म्हणाले. "महिनाभर बघू. पण मुन्शीजी, पुढच्या नोटिसा तुमच्याकडून नकोत. उर्दूत 'प्लंबर' असंच लिहायचं, जसंच्या तसं. हे आमचे कारकून लिहितील."

म्हणजे त्यांचं काम मला मिळालं. त्यांच्याच ओसरीवर शिकलेलं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ओरडतील, हाकलून देतील अशी तयारी करून गेलो होतो. त्यांनी पाटी पुढे सरकवली आणि म्हणाले, "सीसा. शंभरदा." मी लिहायला बसलो. पाटी भरली की ते पुसायला ओलं फडकं देत. सत्तर-पंच्याहत्तर झाल्यावर मला राहवलं नाही.

"तुम्हाला कसं कळलं, मी केलं म्हणून? छापखान्यात नसतं का झालं?"

"छापखाना म्हंजे तूच ना? आन पहिल्यावर तीन नुक्ते, दुसरा सीन तसाच. उर्दूवाला चुकला असता तं दोन्हीवर देता. शीशामधे दोन शीन हायेत. हे एकीकडं श आन एकीकडं स, हे मराठीचं शिसं हाय, बेटा. या गावात असं मराठीतून उर्दू लिहिणारा एकच गधा हाय."

"मग साहेबांना सांगितलं का नाही?"

"सांगून काय होतं? तू कच्चा. तुले काढलं असतं. कारकुनाची चूक म्हटलं का चौकशी, कागद, आन गफूरले मोटारीत बसवलं असतं. म्हाताऱ्या मुन्शीची चूक म्हटलं का लोकं हसते. हसून राह्यलेला माणूस लवकर हो म्हणते." मग पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "पंचवीस राह्यले."

चहा गुळाचा आला. मी तो प्यालो आणि घरी येऊन रडलो. बावीस वर्षांचा होतो.

गफूरभाई महिनाभरात तयार झाले. ओव्हरसियर सांगायचा की असा स्थिर हात त्याने पाहिला नाही. वितळलेलं शिसं सांध्यात ओतताना दुसऱ्यांचे थेंब बाहेर पडत, यांचा थेंब पडायचा नाही. काच कापताना मनगट हलवायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय होती. ते कायम झाले. त्यानंतर दोन महिन्यांनी मीही कायम झालो. त्या दिवशी मी पुन्हा मुन्शीसाबांकडे गेलो आणि म्हटलं, आता साहेबांना खरं सांगतो.

"आन गफूर?" ते म्हणाले. "त्याची नेमणूक ज्या कागदावर झाली तो कागदच खोटा, असं तू सांगशीन. गप बस."

मी गप्प बसलो. सुरुवातीला भीतीने, मग त्यांच्या हुकमाने आणि पुढे सवयीने. गप्प बसण्याची सवय फार लवकर लागते, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो.

त्यांना मात्र गावाने गप्प बसू दिलं नाही. खडू सुटला नव्हता. पण आता ते कुणाच्या पाटीखाली थांबले की दुकानातून हमखास आवाज यायचा, "मुन्शीसाब, आधी आपले नुक्ते सांभाळा!" पहिल्यांदा हे माझ्यासमोर घडलं तेव्हा मी समोरच्या दुकानाची पाटी वाचत उभा राहिलो. ते शांतपणे टाचा उंचावून टिंब द्यायचे आणि म्हणायचे, "हाव ना. मी चुकलो म्हणून नगरपालिकेले काचवाला भेटला. तू चुकशीन तं तुले काय भेटन?" दुकानदार हसायचे, हेही हसायचे. पाहुण्यांचा गुळाचा चहा चालूच राहिला. फक्त आता काही आगाऊ पाहुणे पाटी उलट त्यांच्याच पुढे सरकवत, "तुम्ही लिवून दाखवा, सीसा." ते लिहून दाखवत. बरोबर लिहीत.

आणि गावाने काय करावं? प्लंबर हा शब्द आमच्या गावात रुजलाच नाही. माझ्या हातची उर्दूतली 'प्लंबर' असलेली नोटीस कुणी पलंबर वाचली, कुणी पुलंबर. लोकांनी मात्र गफूरभाईंना शीशागरच म्हणायला सुरुवात केली. हिंदूंच्या गल्लीतही. नळ गळायला लागला की बायका पोरांना ओरडत, "अबे, टोटी गळून राह्यली, शिसागरले बोलावून आण!" कोपऱ्यावर नवीन माणसाने नळदुरुस्तीचं दुकान काढलं, तर त्यानेही पाटीवर उर्दूत 'शीसागर' लिहिलं. पहिल्या अक्षरावर तीन टिंबं, दुसरं उघडं. अगदी माझी चूक, जशीच्या तशी. मुन्शीसाब त्या पाटीखालून रोज जात. थांबत, वाचत आणि खडू खिशातच ठेवून पुढे जात. पूर्ण गावात त्यांनी हात न लावलेली ही एकच चुकीची पाटी.

दहा-बारा वर्षांनी उर्दू शाळेने त्यांचा सत्कार केला. शाळेच्या पटांगणात मांडव, पुढे खुर्च्या, मधल्या खुर्चीवर हार घातलेले मुन्शीसाब. दृष्टी मंदावली होती, मान ताठच होती. पहिल्या रांगेत गफूरभाई बसले होते. तेव्हा ते योजनेचे मुख्य मिस्त्री होते, त्यांच्या दोन्ही पोरींची लग्नं झाली होती आणि त्यांच्या नोकरीला आता कुणाचा बाप धक्का लावू शकत नव्हता. मी हेडक्लार्क होतो. भाषणं झाली. एका वक्त्याने तोच जुना किस्सा सांगितला, कसे आमचे मुन्शीसाब आयुष्यात एकदाच चुकले आणि कसा नळाला काच बसवणारा माणूस बोलावला. पटांगण खदखदून हसलं. मुलं तर खाली वाकून हसत होती. मुन्शीसाबही हसत होते.

मला ते सहन झालं नाही. माझं नाव भाषणाच्या यादीत नव्हतं, तरी मी उठलो आणि माइकसमोर गेलो. म्हटलं, "हे खोटं आहे. मुन्शीसाब चुकले नव्हते. त्यांच्या कागदावर सीन बरोबर होता. ते तीन नुक्ते मी दिले. साहेबांसमोर त्यांनी माझी चूक अंगावर घेतली आणि मी गप्प बसलो. दहा-बारा वर्षं गप्प बसलो."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "वा! चेला असावा तं असा!" आणि टाळ्या सुरू झाल्या. मी हात वर करून म्हटलं, "नाही हो, खरं सांगतो!" तशा टाळ्या वाढल्या. उस्तादाची चूक स्वतःच्या डोक्यावर घेणारा शिष्य त्यांना दिसत होता, आणि तो त्यांना फार आवडला होता. मी मुन्शीसाबांकडे वळलो. म्हटलं, आता तरी तुम्ही सांगा.

त्यांनी काठी टेकली, उठून उभे राहिले आणि हाताने मला बाजूला केलं. "याले उर्दू मी शिकवलं," ते माइकमध्ये म्हणाले. आवाज हेडमास्तरांचा होता, अजून. "माझ्या हाताखाली शिकलेला माणूस सीनवर नुक्ते देईन, हे मी कोणाले म्हणू देणार नाही. त्यालेबी नाही. नुक्ते माझे होते."

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. बसून होते ते एकटे गफूरभाई, त्या दिवशी साहेबांच्या दाराशी उभे असलेले. ते माझ्याकडे बघत नव्हते. मुन्शीसाबांकडे बघत होते, आणि त्यांचा तो न हलणारा हात गुडघ्यावर थरथरत होता. मी खाली उतरून माझ्या जागेवर जाऊन बसलो. शेजारच्याने माझी पाठ थोपटली. टाळ्या थांबेनात, त्यातल्या निम्म्या माझ्यासाठी होत्या, आणि त्या मला आजही सोसत नाहीत.